टिब्सची थप्पड: 'इन द हीट ऑफ द नाइट'मधल्या एका पात्राचं प्रकरण

'इन द हीट ऑफ द नाइट'मधली थप्पड बहुतेकांना माहितीये, ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनाही. १९६७चा पिक्चर, मिसिसिपीतलं एक गाव, कापसाच्या मळ्याचा गोरा मालक एका काळ्या डिटेक्टिव्हच्या थोबाडीत देतो आणि डिटेक्टिव्ह तिथल्या तिथे परत देतो. तेवढाच तुकडा सगळीकडे फिरतो आणि माझी तक्रार आहे ती नेमकी त्या तुकड्याबद्दल. तो सुटा बघितला की व्हर्जिल टिब्स म्हणजे आपल्या पिक्चरमधला हिरो वाटतो, सटकली आणि हाणली. अख्खा पिक्चर बघा मग कळतं की हा माणूस पावणेदोन तास स्वतःचं अंग आवरून धरतोय, हात कुठे ठेवायचे, कुणाकडे किती वेळ बघायचं, कुणाच्या किती जवळ जायचं याचा हिशोब त्याच्या डोक्यात सतत चालूये, आणि ती थप्पड हा एकच क्षण आहे जिथे तो हिशोब चुकतो. हो, चुकतो असंच म्हणतोय मी, पुढे येतोच त्यावर.

आधी पिक्चरची माहिती पटकन उरकतो. डायरेक्टर नॉर्मन ज्युईसन, जॉन बॉलच्या १९६५च्या कादंबरीवरून पटकथा स्टर्लिंग सिलिफंटची. टिब्स म्हणजे सिडनी पॉयटिए, गावचा पोलीस चीफ बिल गिलेस्पी म्हणजे रॉड स्टायगर. शिकागोहून आलेला कोलबर्ट नावाचा उद्योगपती स्पार्टा गावात कारखाना काढणार असतो, एका रात्री रस्त्यात त्याचं प्रेत सापडतं, पाकीट गायब. सॅम वुड नावाचा पोलीस संशयित शोधत रेल्वे स्टेशनवर जातो, तिथे वेटिंग रूममध्ये एक काळा माणूस सूट-टाय घालून एकटाच बसलेला, पाकिटात बऱ्यापैकी पैसे. झालं, उचलला. तो निघतो फिलाडेल्फिया पोलिसांतला खुनाच्या केसेसचा एक नंबरचा एक्स्पर्ट, आईला भेटून परत चाललेला आणि गाडीची वाट बघत बसलेला. मग आधी त्याचा फिलाडेल्फियाचा साहेब सांगतो म्हणून आणि नंतर कोलबर्टची बायको हटून बसते म्हणून त्याला त्याच गावात राहून तपास करावा लागतो, ज्या गावात त्याला हॉटेलात एक घास मिळत नाही.

आता हे पात्र समजून घ्यायचं तर तिथले अंगाचे नियम माहिती पाहिजेत. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी गेल्यावर जे काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवणारे 'जिम क्रो' कायदे आले त्यांच्याबरोबर एक न लिहिलेली वागणूकही आली, आणि कायद्यापेक्षा तिचा जाच जास्त होता. काळ्या माणसाने गोऱ्याशी हात मिळवायला स्वतःहून हात पुढे करायचा नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. फुटपाथवर गोरा समोरून आला तर बाजूला व्हायचं. गोऱ्याच्या घरी मागच्या दाराने जायचं. गोरी बाई असेल तर मग बघायलाच नको, १९५५मध्ये एमेट टिल नावाचा १४ वर्षांचा पोरगा शिकागोहून मिसिसिपीतल्या मनी गावाजवळ नातेवाईकांकडे आला होता, दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला एवढ्या आरोपावरून त्याला रात्री घरातून उचलून नेऊन मारला आणि मारणारे कोर्टातून सुटले. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव कागदावर बंद झाला, पण शंभर वर्षं अंगात मुरलेली सवय कायद्याने थोडीच जाते, आणि हा पिक्चर आला त्या कायद्यानंतर तीनच वर्षांनी.

आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या, पाणी वरून ओंजळीत प्यायचं, दारात उभं राहायचं पण उंबरा ओलांडायचा नाही, 'पायरीने वागायचं', हे सगळं आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने एकतर पाळलंय नाहीतर दुसऱ्याला पाळायला लावलंय. फरक एका गोष्टीत आहे आणि तो पात्र घडवताना फार महत्त्वाचा ठरतो. जात चेहऱ्यावर लिहिलेली नसते, ती आडनाव, गाव, वस्ती विचारून काढावी लागते. म्हणून 'फँड्री'तला जब्या अंग लपवत फिरतो, शाळेसमोर डुकरं धरायची वेळ आली की आडोसा शोधतो, शालूने त्या कामात बघू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो, कारण लपलं तर निदान थोडा वेळ तरी सुटका आहे असं त्याला वाटतं. टिब्सला ती सोयच नाही. त्याची कातडी त्याच्या आधी खोलीत शिरते. त्यामुळे त्याच्या देहबोलीत लपणं कुठेच नाही, तो दुसरं टोक गाठतो, ताठ, स्थिर, प्रत्येक हालचाल मोजून मापून.

पहिलाच प्रसंग बघा. वुड पिस्तूल काढून वेटिंग रूममध्ये घुसतो, टिब्सला उठवतो, भिंतीला हात लावून उभं करतो, झडती घेतो. टिब्स एक शब्द बोलत नाही. मी पोलीस आहे हे तो तिथेच सांगू शकला असता, बिल्ला खिशात आहे, पण तो सांगत नाही, सांगतो थेट चीफच्या टेबलासमोर गेल्यावर. पहिल्यांदा बघताना हे पटकथेचं गिमिक वाटतं, प्रेक्षकाला धक्का द्यायला माहिती दाबून ठेवलीये असं. पण त्या जागी उभं राहून विचार करा, अर्ध्या रात्री, रिकाम्या स्टेशनवर, समोर घाबरलेला पिस्तूलवाला गोरा, अशा वेळी काळ्या माणसाने 'मी पोलीस आहे' म्हणत खिशाकडे हात नेला तर काय होईल? टिब्सला त्याचं उत्तर माहितीये. तो तिथे गप्प बसतो ते जगायचं शहाणपण आहे, आणि त्यातून एका फटक्यात कळतं की हा शहरी बाबू असला तरी दक्षिण त्याला नवीन नाही. त्याची आई तिकडेच राहते ना शेवटी.

गिलेस्पीसमोरचं अंग बघण्यासारखं आहे. चीफ खुर्चीत पसरलेला, पिवळसर काचांचा गॉगल, तोंडात सतत च्युइंगगम, ऑफिसातला एसी कुरकुरतोय. समोर टिब्स उभा. चीफला प्रश्न पडलाय की काळ्या माणसाकडे एवढे पैसे आले कुठून, त्यावर टिब्स आठवड्याचा पगार सांगतो, १६२ डॉलर ३९ सेंट, सेंटसकट. ते ३९ सेंट मला फार आवडतात. गोल आकडा सांगितला असता तर ती फुशारकी वाटली असती, सेंटसकट सांगितल्यावर ती साक्ष होते. टिब्सचा आवाजही तसाच आहे, शब्द तोडून, कडक, एक अक्षर सांडत नाही, आणि आजूबाजूला सगळे दक्षिणेच्या हेलात लोळत बोलतायत. पुढे चीफ त्याच्या नावाची चेष्टा करून तिकडे तुला काय म्हणतात असं विचारतो तेव्हा तो जे 'मिस्टर टिब्स' म्हणून अंगावर येतो, तो डायलॉग अमेरिकन सिनेमातल्या गाजलेल्या डायलॉगांमध्ये मोजला जातो. त्याचं वजन कळायला एवढंच माहिती पाहिजे की दक्षिणेत काळ्या माणसाला, तो साठ वर्षांचा असला तरी, एकेरी नावाने नाहीतर 'बॉय' म्हणून हाक मारायची पद्धत होती, मिस्टर कधीच नाही.

या पिक्चरचा खरा खेळ मला पुढे दिसतो. टिब्सचा धंदा काय आहे? अंग वाचणे. त्याला कोलबर्टचं प्रेत दाखवायला नेतात तेव्हा तो ते हाताळतो कसं ते बघा, बोटं, पाय, डोकं, सावकाश, एकेका ठिकाणी थांबत, आणि आजूबाजूचे गोरे बघतायत की एक काळा माणूस एका बड्या गोऱ्याच्या अंगाला असा हात लावतोय. जिवंतपणी हे शक्य नव्हतं. मग पोलीस हार्वी ओबर्स्ट नावाच्या पोराला धरून आणतात, त्याच्याकडे कोलबर्टचं पाकीट सापडलंय, चीफच्या लेखी केस संपली. टिब्स त्या पोराचा हात बघतो आणि सांगतो की हा डावखुरा आहे, घाव उजव्या हाताने बसलाय, हा खुनी नाही. म्हणजे एकीकडे सॅम वुड, ज्याने कातडी बघितली आणि एका नजरेत खुनी ठरवून मोकळा झाला, आणि दुसरीकडे टिब्स, जो एका गोऱ्या पोराचा हात हातात घेऊन त्याला फासापासून वाचवतो. दोघंही अंगावरूनच निष्कर्ष काढतायत. एकाचं वाचन पहिल्या ओळीतच संपतं, दुसऱ्याचं संपत नाही. पिक्चर हे कुठेही बोलून दाखवत नाही, ते आपणच जुळवायचं.

कोलबर्टच्या बायकोचा सीन पण याच धाग्यातला. ली ग्रँट. नवरा गेल्याची बातमी तिला टिब्स सांगतो, कारण गोऱ्या चीफला ते नीट जमत नाहीये. ती कोसळायला लागते, टिब्स सावरायला पुढे होतो, ती हात झटकते, मग थोड्या वेळाने तिचाच हात पुढे येतो आणि तो धरतो. डायलॉग जवळजवळ नाहीच. ली ग्रँटने तो सीन हातांनीच केलाय म्हटलं तरी चालेल. आता एमेट टिलच्या मिसिसिपीत एक काळा पुरुष गोऱ्या बाईचा हात धरून उभा आहे आणि प्रेक्षकाच्या मनात प्रेमबिम येतच नाही, दुःखाला हाताची गरज असते इतकंच दिसतं. आणि पुढे हीच बाई जेव्हा म्हणते की हाच ऑफिसर पाहिजे, नाहीतर कारखाना बंद, तेव्हा ते आपल्याला पटतं, कारण त्या हाताने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आता ग्रीनहाऊस. कोलबर्टच्या गाडीत ब्रेकच्या पेडलला टिब्सला ऑसमुंडा नावाच्या फर्नच्या मुळाचा तुकडा सापडतो, ऑर्किड लावायला ते वापरतात. गावात ऑर्किड वाढवणारा एकच, एरिक एंडिकॉट, सगळ्यात मोठा जमीनदार, ज्याला हा कारखाना नकोय कारण कारखाना आला की मळ्यावर स्वस्तात राबणारी माणसं तिकडे जाणार. म्हणून टिब्स आणि गिलेस्पी त्याच्याकडे निघतात. वाटेत कापसाची शेतं, काळे मजूर वाकून कापूस वेचतायत, टिब्स गाडीच्या काचेतून बघत बसतो आणि गिलेस्पी टोमणा मारतो की तुझ्या नशिबी हे नाही म्हणायचं. टिब्स काही बोलत नाही. पण त्याचा चेहरा बघा. त्या शेताच्या आणि त्याच्या सुटाच्या मध्ये फक्त एखाद-दुसरी पिढी आहे हे त्यालाही माहिती आणि गिलेस्पीलाही. पुढच्या थपडेची तयारी इथे झालीये.

एंडिकॉट, म्हणजे लॅरी गेट्स, सुरुवातीला एकदम सभ्य. पाहुण्याला फुलं दाखवतो, टिब्सलाही ऑर्किडची माहिती आहे हे कळल्यावर खूश होतो, काळा नोकर हेन्री सरबताचा ट्रे घेऊन उभा, क्षणभर असं वाटतं की दोन शौकीन माणसं बोलतायत. मग एंडिकॉट एका जातीच्या ऑर्किडबद्दल म्हणतो की ही झाडं निग्रोसारखी आहेत, यांना खाऊ-पिऊ घालून जपावं लागतं, वेळ द्यावा लागतो. आवाज तोच, मऊ. शिवी नाही, राग नाही, बिचारा खरंच मायेने बोलतोय असं त्याला स्वतःला वाटतंय. मालकशाहीचं सगळ्यात किळसवाणं रूप हेच आहे, लाडावलेल्या कुंडीतल्या झाडाचं प्रेम. टिब्स हेही गिळतो. मग तपासाचा विषय निघतो, कोलबर्ट काल इथे आला होता का, आणि एंडिकॉटला हळूहळू उजाडतं की ही गप्पा नाहीये, आपली उलटतपासणी चाललीये, आणि ती करणारा कोण आहे. तो दोन पावलं पुढे येतो आणि थोबाडीत मारतो.

तो कसा मारतो? चिडून नाही मारत. कुत्र्याने ताटात तोंड घातलं की आपण जसं हट करतो तसं, विचार न करता, हक्काने, कारण त्याच्या आयुष्यात आजवर या थपडेला एकच उत्तर आलंय, खाली गेलेली मान. टिब्सचा हात लगेच वर येतो, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पिक्चरभर आपण बघत आलोय की हा माणूस उत्तर देण्याआधी थांबतो, समोरच्याला पूर्ण बोलू देतो, नजर मोजून टाकतो. इथे थांबणं नाहीच. म्हणजे हा हात डोक्याला विचारून उठलेला नाही.

आणि त्यानंतरचा सीन थपडेपेक्षा भारी आहे, जो त्या फिरणाऱ्या तुकड्यात बऱ्याचदा कापलेला असतो. एंडिकॉट चीफकडे वळून विचारतो, बघितलंस ना? चीफ म्हणतो, बघितलं. मग आता काय करणार? चीफ म्हणतो, माहिती नाही. स्टायगरने हे असं म्हटलंय की त्या 'माहिती नाही'त माणूस उघडा पडतो, कारण त्याच्या वडिलांना, त्याच्या आधीच्या चीफला, हे नक्की माहिती असतं. एंडिकॉट टिब्सला म्हणतो की एक काळ होता जेव्हा मी तुला गोळी घालायला लावली असती. टिब्स निघून जातो आणि मग हा म्हातारा रडतो. रडणारा जुलमी माणूस दाखवणं सोपं नव्हतं, त्याची कीव येऊ शकते, पण मला तसं वाटत नाही. ज्या नियमावर अख्खं अंग उभं होतं तो नियमच गेल्यावर अंग कुठे टेकवावं ते त्याला कळत नाहीये. आणि मागे हेन्री, ट्रे घेऊन. प्रेक्षक टाळ्या वाजवतात तेव्हा मी हेन्रीकडे बघतो, कारण टिब्स गाडीत बसून जाणार, हेन्रीला संध्याकाळचं जेवण याच माणसाला वाढायचंय.

या थपडेमागे पॉयटिएचा स्वतःचा हात किती यावर दोन मतं आहेत. पॉयटिएचं सांगणं असं की परत मारणार असेन तरच करतो, आणि कुठल्याही प्रिंटमधून ते कापायचं नाही, ही त्याची अट होती. उलट थप्पड पटकथेत आधीपासूनच होती असंही सांगितलं जातं. बॉलच्या कादंबरीत ती नाही एवढं नक्की. माझ्या मते कोणी लिहिली याने फारसं अडत नाही, ती कुणाच्या अंगातून आली ते बघा. पॉयटिए १९२७मध्ये मायामीत जन्मला, पण वाढला बहामाजमधल्या कॅट आयलंडवर आणि नासाऊत, आईबाप टोमॅटो पिकवणारे. तिथे बहुतेक सगळे काळेच, त्यामुळे कातडीवरून मान खाली घालायची सवय अंगाला लहानपणी लागलीच नाही. पंधराव्या वर्षी मायामीला आला आणि डिलिव्हरीच्या नोकरीत एका गोऱ्या बाईच्या घरी पुढच्या दाराने गेला, तिने मागच्या दाराने ये म्हणून सांगितलं तर याला कळेचना, बाई समोर उभी आहे, सामान तिचंच आहे, मग मागे कशाला? पुढे न्यूयॉर्कला नाटक कंपनीने त्याच्या बहामी हेलामुळे हाकलला तेव्हा रेडिओ ऐकून ऐकून त्याने तो आवाज घडवला, तोच आवाज टिब्सला मिळालाय. म्हणजे टिब्सच्या ताठपणात दोन गोष्टी आहेत, एक उत्तरेतल्या शिकलेल्या काळ्या मध्यमवर्गाची इस्त्रीची संस्कृती, जिला माहितीये की आपल्या शर्टाची एक सुरकुती गोऱ्याच्या दहा सुरकुत्यांना भारी पडते, आणि दुसरी त्या बेटावरच्या पोराची मान.

भीती मात्र खोटी नव्हती. १९६४च्या उन्हाळ्यात पॉयटिए आणि त्याचा गायक-नट दोस्त हॅरी बेलाफॉन्टे मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला नागरी हक्क चळवळीतल्या पोरांसाठी रोख पैसे घेऊन गेले होते तेव्हा कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीच्या गाड्यांनी त्यांचा पाठलाग केला होता. त्यामुळे शूटिंगसाठी दक्षिणेत येणार नाही हे त्याने सांगून टाकलं आणि मिसिसिपीचं स्पार्टा उभं राहिलं इलिनॉयमधल्या स्पार्टा नावाच्या गावात. फक्त कापसाच्या मळ्याच्या भागासाठी थोडे दिवस टेनेसीत जायला तो तयार झाला, आणि तिथे उशीखाली पिस्तूल ठेवून झोपायचा. ग्रीनहाऊसच्या वाटेवर काचेतून बघणारा तो चेहरा बघताना हे आठवतं आणि मग त्यात अभिनय किती आणि काय किती, सांगता येत नाही.

लाइटिंगबद्दल बोललं नाही तर हे प्रकरण अर्धवट राहील. तेव्हाची कलर फिल्म गोऱ्या कातडीवर बेतलेली असायची, रंग तपासायची कार्डंसुद्धा गोऱ्या मॉडेलची, आणि काळ्या नटावर तोच झगझगीत प्रकाश टाकला की चेहरा चकाकायचा, बारीक हावभाव धुऊन जायचे. कॅमेरामन हॅस्केल वेक्सलरने पॉयटिएसाठी प्रकाश मुद्दाम कमी करून बेतला. ही तांत्रिक बाब वाटते पण विचार करा, ज्या पात्राचं सगळं काही जबड्याच्या स्नायूत आणि पापणीत आहे, त्याची पापणीच दिसली नाही तर पात्र उरेल काय? काळ्या पात्रांनी हॉलीवूडमध्ये एवढी वर्षं डोळे गरागरा फिरवून, दात काढून मोठ्या खुणांनी बोलायचं, यात वर्णद्वेष होताच, पण कमी बोलणारा काळा चेहरा टिपायची तसदी कॅमेऱ्याने घेतली नव्हती हेही त्यात होतं.

आता मी म्हणालो होतो की थपडेत हिशोब चुकतो. एंडिकॉटच्या घरातून बाहेर पडल्यावर टिब्स पेटलेला असतो, या माणसाला मी या टेकडीवरून खाली खेचू शकतो म्हणतो, आणि गिलेस्पी त्याच्याकडे बघून म्हणतो की अरे, तू पण आमच्यासारखाच निघालास की. अख्ख्या पिक्चरमधलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य. कारण एंडिकॉट खुनी नाहीच, खुनी आहे हॉटेलच्या काउंटरवरचा राल्फ, ज्याने टिब्सला खायला द्यायला नकार दिला होता. थपडेनंतर काही काळ टिब्स पुरावा वाचत नाही, माणूस वाचतो, म्हणजे सॅम वुडने त्याच्याशी केलं तेच तो एंडिकॉटशी करतो. फरक एवढाच की त्याच्याकडे कारण आहे. पटकथेने हे धाडस केलंय की आपल्या टाळ्या घेऊन झाल्यावर सांगितलं, तुमचा हिरो इथे घसरला. आणि ते सांगितलं गिलेस्पीच्या तोंडून, ज्याला ते सांगायचा हक्क सगळ्यात कमी आहे, म्हणून ते जास्त बोचतं.

गिलेस्पीवर वेगळं लिहायला पाहिजे, इथे थोडक्यात. च्युइंगगमची आयडिया ज्युईसनची, स्टायगरला आधी पटली नव्हती म्हणे, पण नंतर त्याने तिचं काय केलं ते बघा, चीफ जोरात असला की जबडा जोरात, धक्का बसला की जबडा थांबतो. त्याच्या घरातला रात्रीचा सीन, दोघंच, दारू, चीफ सैलावलेला, एकटेपणाबद्दल बोलतो, इथे कुणी येत नाही म्हणतो. टिब्स म्हणतो तुझ्यापेक्षा मी काही जास्त एकटा नाही. झालं, चीफचं अंग आखडतं आणि तोंडातून लगेच वर्णावरून शिवी निघते. जवळीक जास्त झाली की दार लावून घ्यायला हाताशी असलेली कडी म्हणजे तो शब्द. एका सोफ्यावर किती अंतर असतं ते या सीनमध्ये कळतं.

शेवटी स्टेशनवर गिलेस्पी टिब्सची बॅग उचलून चालतो. गोरा पोलीस चीफ काळ्या माणसाचा हमाल, १९६७मध्ये. काहींना हे फार गोड वाटलं, काहींना खटकलं, आणि खटकणाऱ्यांचं ऐकण्यासारखं आहे. पिक्चर न्यूयॉर्कला लागला २ ऑगस्ट १९६७ला, त्याच्या आधीच्या जुलै महिन्यातच नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरं वर्णसंघर्षाच्या दंगलींनी पेटून निघाली होती. सप्टेंबरमध्ये क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखच लिहिला की गोऱ्या अमेरिकेला सिडनी पॉयटिए एवढा का आवडतो. त्या वर्षी पॉयटिएचे तीन पिक्चर आले, तिन्हींत तो हुशार, स्वच्छ. जेम्स बॉल्डविन या काळ्या लेखकाने पुढे लिहिलं की हा निरोप म्हणजे जुन्या हॉलीवूडमधलं शेवटचं चुंबन, सगळं मिटलं असं सांगणारं. मला बॉल्डविन पटतो, अर्धा. टिब्सला या गावात एक काळा मेकॅनिक रात्रीपुरता आसरा देतो, गर्भपात करून देणारी मामा कॅलेबा त्याच्याशी बोलते, पण ही माणसं येतात आणि जातात, टिब्सचं अंग कुणाबरोबर सैल झालेलं आपल्याला कुठेच दिसत नाही. त्याला गोऱ्यांसमोर कसं उभं राहायचं एवढंच पटकथेला माहितीये, आपल्या माणसांत तो कसा बसतो, कसा हसतो, हे तिने विचारलंच नाही. स्टायगरला हसायला, लोळायला, चुकायला जागा मिळाली आणि ऑस्करही त्यालाच मिळालं, पॉयटिएला तर नॉमिनेशनही नाही. पिक्चरला एकूण पाच ऑस्कर, आणि तो सोहळा दोन दिवस पुढे ढकलून १० एप्रिल १९६८ला झाला कारण ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता.

या प्रकरणाचा एक उलटा पुरावाही उपलब्ध आहे. १९७०मध्ये पॉयटिए पुन्हा टिब्स झाला, या वेळी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, घर आहे, बायको आहे, पोरं आहेत, म्हणजे वर मी जे मागतोय ते सगळं दिलंय. १९७१मध्ये तिसरा आला. नट तोच, नाव तेच, सूट तसाच. पण आता त्याला मागच्या दाराने ये म्हणणारं कुणी नाही, फुटपाथवरून उतर म्हणणारं नाही, त्यामुळे त्या ताठपणाला टेकायला समोर काहीच नाही, आणि बघताना वाटतं हा कुणीही डिटेक्टिव्ह असू शकला असता. घर दिलं पण त्या घरात त्याने पाय कसे पसरायचे हे लिहिणाऱ्यांना तेव्हाही सुचलं नाही. ते दोन्ही पिक्चर आज फारसं कुणी बघत नाही, मी पण परत बघणार नाही.